साडेत्रेसष्ट अंशांची खिडकी

मुंबईच्या नकाशावर तलावांची नावं अजून आहेत, तलाव मात्र नाहीत. धोबी तलाव, खारा तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. बसच्या पाट्यांवर ही नावं रोज वाचणाऱ्या माणसाला तिथे कधी पाणी होतं याचं काही वाटत नाही. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल, हेही फार थोड्यांना माहीत असतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या धनिकांनी पुण्यकर्म म्हणून तलाव खोदले, विहिरी बांधल्या, पाणपोया उभारल्या. पाणी देणं हा धर्म होता आणि देणाऱ्याचं नाव त्या पाण्याला चिकटायचं. पुढे तलाव बुजवले गेले, त्यांवर मैदानं आणि रस्ते झाले. पाण्याला चिकटलेली नावं जमिनीला उरली.

तलावापासून नळापर्यंतचा हा प्रवास मी गेली काही वर्षं जमेल तसा वाचतो आहे. वाचता वाचता लक्षात आलं की पाण्याची गोष्ट हवेच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. घरात येणारं पाणी पिण्याजोगं आहे का आणि घरात येणारी हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे दोन प्रश्न मुंबईत जवळपास एकाच काळात सरकारी कागदांवर आले आणि पुढे एकाच खोलीत राहायला गेले. ती खोली चाळीतली होती.

सुरुवात १८५४ सालापासून करू. त्या वर्षी मुंबईत पाण्याची अशी टंचाई झाली की गुरं शहराबाहेर हलवावी लागली आणि पाणी बोटींतून, रेल्वेतून आणावं लागलं. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा डॉक्टर ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती कॉलऱ्याने मेलेल्यांची घरं मोजत होता. रोग दूषित पाण्यातून पसरतो असं त्याचं म्हणणं होतं. बहुतेक जाणकारांना ते पटत नव्हतं. कुजक्या घाणीतून उठणारी विषारी वाफ हवेत मिसळते आणि तिच्यामुळे साथी येतात, हा समज युरोपात पक्का होता. म्हणजे मुंबईला नळाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा ते जंतूंच्या भीतीने ठरलं नव्हतं. जंतू अजून कुणाला ठाऊक नव्हते. तहान होती, आग विझवायला पाणी लागत होतं आणि घाणीचा वास घालवायचा होता.

अभियंता हेन्री कॉनिबेअर याच्या योजनेप्रमाणे साष्टीत, मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात, १८५६ साली विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० साली त्याचं पाणी लोखंडी नळांतून शहरात आलं. मग तुळशी १८७९ साली आणि तानसा १८९२ साली. बडोद्यात सयाजीरावांनी बांधून घेतलेल्या आजवा तलावाचं पाणी शहराला मिळू लागलं तेही १८९२ सालीच. दूर डोंगरात पाणी अडवायचं आणि नळाने घरापर्यंत आणायचं, ही कल्पना त्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याकडच्या मोठ्या शहरांमध्ये रुजली.

रुजताना तिला जातीशी सामना करावा लागला. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, मग ते पाणी सोवळ्यात चालेल का, असा प्रश्न जुन्या मुंबईत विचारला जायचा. आज हसू येतं, पण प्रश्न खरा होता. विहिरीवर कोण चढतं ते दिसायचं. नळाला मात्र कुणाकुणाचे हात लागून पाणी येतं ते कळायला मार्ग नाही. हळूहळू सोय जिंकली आणि नळाचं पाणी सगळ्यांना चालू लागलं. पण तोटीपुढची रांग जातीप्रमाणे लावायचं काम माणसांनी चालूच ठेवलं.

विहारचं पाणी आलं, पण ते वाहून नेणारी गटारं त्याच्याबरोबर आली नाहीत. पूर्वी घागरीने मोजून वापरलेलं पाणी आता धो धो सांडू लागलं आणि ते घरामागच्या बोळात, जोत्याखाली, मातीत मुरू लागलं. स्वच्छ पाणी आत येण्याची वाट आणि घाण पाणी बाहेर जाण्याची वाट एकत्र आखायची असते, हा धडा मुंबईने उशिरा घेतला. आजच्या आपल्या नव्या वसाहती पाहिल्या तर तो पुरता घेतला आहे असं म्हणवत नाही.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. प्लेगचा जंतू येर्सिनने हाँगकाँगमध्ये दोनच वर्षांपूर्वी शोधला होता. तो माणसापर्यंत कसा पोचतो ते मात्र उलगडलं नव्हतं. त्यामुळे पालिकेने जे करायचं ते जुन्या समजुतीवर केलं. गटारं खाऱ्या पाण्याने आणि जंतुनाशकांनी धुतली, भिंतींना चुना फासला, ऊन आणि वारा आत यावा म्हणून छपरांची कौलं उतरवली. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर तशी इंग्रजी आद्याक्षरं रंगवली गेली. माणसांना जबरदस्तीने इस्पितळात नेलं जाऊ लागलं, तेव्हा ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि पुण्यात त्याची परिणती जूनमध्ये रँडच्या खुनापर्यंत गेली. हा भाग मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे. त्याच्या सावलीत राहिलेली एक गोष्ट तितकीशी ठाऊक नाही. ती म्हणजे १८९८ साली कायद्याने स्थापन झालेली मुंबईची इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट.

ट्रस्टचं काम होतं दाटीच्या वस्त्या मोकळ्या करणं, रुंद रस्ते काढणं, नवी जमीन वसवणं आणि गरिबांसाठी घरं बांधणं. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे काढले गेले, ते समुद्राचा वारा दाटीच्या पोटात शिरावा म्हणून. रस्ता ही हवेची नळी आहे असं समजून शहर कापलं गेलं. पण कापताना घरं पडतात. पाडलेली घरं बांधलेल्या घरांहून जास्त झाली आणि निघालेली माणसं फार लांब जाऊ शकली नाहीत, कारण काम जवळच होतं. ती शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांमध्ये शिरली. एका गल्लीत हवा खेळवण्यासाठी दुसऱ्या गल्लीतली हवा कोंडली गेली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिलं. त्यांचा सगळा भर एका कोनावर होता. साडेत्रेसष्ट अंश. खिडकीसमोर किती मोकळी जागा हवी याचं ते माप होतं. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. शाळेतल्या त्रिकोणमितीने पाहिलं तर याचा अर्थ सोपा आहे: समोरच्या इमारतीची जेवढी उंची, त्याच्या किमान निम्मं अंतर मध्ये सोडायचं. चाळीस फूट उंच इमारत असेल तर वीस फूट मोकळं. एवढं असलं की तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा एक तुकडा मिळतो.

मला हा नियम आवडतो, कारण तो तपासायला तज्ज्ञ लागत नाही. दोरी आणि थोडं गणित पुरतं. आणि त्याची सगळी काळजी तळमजल्याची आहे. वरच्या मजल्यावर हवा आपोआप येते, खाली राहणाऱ्याला ती कायद्याने मिळवून द्यावी लागते.

गंमत अशी की ज्या कारणासाठी हे सगळं सुरू झालं ते कारणच चुकीचं निघालं. पॉल-लुई सिमों याने १८९८ साली कराचीत दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो. परळच्या प्रयोगशाळेत, जिचं नाव पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झालं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याला दुजोरा मिळाला. कोंदट हवेतून गाठीचा प्लेग होत नव्हता. तो धान्याच्या गोदामांतल्या उंदरांबरोबर फिरत होता. मग खिडकीचा आग्रह वाया गेला का? अजिबात नाही. क्षयरोग खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांमधून, बंद खोलीच्या हवेतून पसरतो. हवा बदलत राहिली की ते विरळ होतात आणि उन्हात तो जंतू फार टिकत नाही. चुकीच्या रोगासाठी सुचवलेली खिडकी एका बरोबर रोगावर लागू पडली. इतिहासात असं घडतं, म्हणून जुन्या माणसांच्या समजुती हसण्यावारी नेताना मी जरा थांबतो.

पाण्याच्या बाबतीत याच्या उलट झालं. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. हा ताप पसरवणारी डासाची जात शहरातल्या विहिरींमध्ये आणि टाक्यांमध्ये, स्वच्छ पाण्यात वाढते असं त्यांत होतं. म्हणजे जे पाणी वासाला, रंगाला, चवीला उत्तम, तेच धोक्याचं. पालिकेने विहिरी बुजवायला आणि झाकायला सांगितलं तेव्हा पारशी आणि हिंदू दोघांनीही धर्माचा आधार घेऊन विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही जिवंत आहे, पण असंख्य विहिरी त्या काळात झाकल्या गेल्या. नळावर विसंबणं हा तोवर पर्याय होता. विहिरी गेल्यावर ती सक्ती झाली. नळ कोरडा पडला तर जायचं कुठे, याचं उत्तर शहराने स्वतःच बुजवून टाकलं होतं.

माझी आत्या आग्रीपाड्याच्या एका बीआयटी चाळीत राहायची. बी, आय, टी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे तिथल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. बीआयटी हे त्यांच्या लेखी आडनावासारखं होतं. सुट्टीत आम्ही गेलो की पहाटे चारला नळाच्या आवाजाने जाग यायची. आत्याचे दोन नियम होते. पहिला, नळ सुटला की लगेच हंडा लावायचा नाही. आधी पाणी थोडं वाहू द्यायचं, मग तोटीला फडकं बांधायचं आणि मग भरायचं. पावसाळ्यात वरून तुरटी फिरवायची आणि पिण्याचं उकळायचं. दुसरा, कितीही थंडी असली तरी रात्री खिडकीची एक फळी उघडी राहिली पाहिजे. काकांना खोकला होता. तो कसला, ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. त्यांचं अंथरूण खिडकीशी आणि मुलांची दाराशी, ही मांडणी कुठल्या डॉक्टरने सांगितली की आत्याने स्वतः काढली, ते मला कधी कळलं नाही.

पहिलं पाणी सोडून देण्याचं कारण मला पुढे वाचताना सापडलं. नळात चोवीस तास दाब असेल तर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपतं, बाहेरचं आत येत नाही. पुरवठा बंद झाला की दाब पडतो आणि त्याच सांध्यातून भोवतालच्या ओल्या मातीतलं, शेजारच्या गटारातलं पाणी आत शिरू शकतं. पुन्हा पाणी सुटलं की ते आधी तोटीशी येतं. म्हणून शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं निर्दोष पाणी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत निर्दोष राहीलच असं नाही. क्लोरीनचा थोडा अंश पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात तो याच वाटेसाठी. आत्याला दाबाचं शास्त्र माहीत नव्हतं. पाणी आल्यावर पहिल्यांदा गढूळ येतं, एवढं तिने पाहिलं होतं आणि ते पुरेसं होतं.

आणखी एक बीआयटी चाळ मराठी माणसाने लक्षात ठेवायला हवी. परळची चाळ क्रमांक १. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला, पण चवदार तळ्याचं पाणी कागदावरच राहिलं. २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी ते तळं गाठलं आणि पाणी प्यायले, त्यांचे नेते तेव्हा परळच्या त्या चाळीत राहत होते. नंतर सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. या शब्दाकडे मी नेहमी थबकतो. आज आपण पाण्याचं शुद्धीकरण म्हणतो तेव्हा गाळणी, तुरटी, क्लोरीन डोळ्यांपुढे येतं. महाडला त्या शब्दाने माणसाचा स्पर्श धुऊन काढायचा होता. तळं सर्वांचं आहे हे उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडलं.

तोवर बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृहात, राहायला गेले होते. ती कॉलनीही ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतलीच. रुंद रस्ते, झाडं, चहूबाजूंनी खिडक्या. एकाच संस्थेने गिरणगावात एका खोलीची चाळ बांधली आणि चार मैलांच्या आत मध्यमवर्गासाठी हवेशीर वसाहत आखली. हवेचं माप एकच होतं. मात्र हवा किती मिळणार, ते भाडं ठरवत होतं. ट्रस्ट १९३३ साली पालिकेत विलीन झाली. मधल्या काळात सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या होत्या, १९२०च्या दशकात. त्यांतल्या खोल्या साधारण १६० चौरस फुटांच्या. त्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या.

आता आजच्याकडे येतो, कारण हा इतिहास अजून मागे गेलेला नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये, झोपड्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी सात-आठ मजल्यांच्या इमारती आहेत. दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. अशा वसाहतींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना आणि संशोधकांना क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं आणि ते विशेषतः ऊन न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर. ऑरसाहेबांची दोरी तिथे लावून पाहा. सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर उंची. साडेत्रेसष्ट अंशांच्या हिशेबाने मध्ये साडेदहा मीटर मोकळे हवेत. आहेत तीन. हा कोन ८१ अंशांहून मोठा भरतो. परकीय सत्तेने प्लेगच्या धाकाने का होईना मोजलेलं अंतर आपण आपल्या राज्यात, पुनर्वसनाच्या नावाखाली, नियम शिथिल करून गिळलं. झोपडीत निदान दार उघडलं की आकाश होतं.

पाण्याचंही तसंच आहे. मुंबईला आज सात तलावांमधून दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. तरीही झोपडी कोणत्या तारखेनंतरची आहे ते पाहून नळ नाकारला जात होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की घर बेकायदा असलं तरी त्यातल्या माणसाचा पाण्यावरचा हक्क जात नाही. आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. शहराच्या नळाचं दुसरं टोक तिथे आहे.

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांकडे एकत्र पाहिलं की मला एक घसरण दिसते. शेटजी तलाव खोदायचा तेव्हा पाणी दानाचं होतं. पालिकेने नळ आणला तेव्हा ते हक्काचं होऊ लागलं. आता ते खरेदीचं झालं आहे. ओट्यावर पाणी शुद्ध करणारं यंत्र, खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र. दोन्हींचे फिल्टर वर्षातून एकदा बदलायचे. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्याही घरात पाण्याचं यंत्र आहे आणि लहान मूल असलेल्या घराने वाट तरी किती पाहायची? पण ज्यांना परवडतं त्यांनी आपापली हवा आणि आपापलं पाणी वेगळं काढून घेतलं की सार्वजनिक नळासाठी भांडणारा एक मोठा आवाज कमी होतो. १८९६ साली मलबार हिलवरच्या माणसालाही मांडवीच्या गटाराची धास्ती वाटली होती. त्या धास्तीत स्वार्थ होता, पण तिच्यातून निदान एक नियम निघाला.

तो नियम अजून वापरता येतो. तुम्ही दिल्लीत असा, सुरतेत असा की हैदराबादेत, तुमच्या शहरात गरिबांसाठी घरं बांधली जात असतील तर त्या इमारतींच्या मधल्या बोळात एकदा जाऊन उभे राहा. दुपारी बारा वाजता तळमजल्याच्या खिडकीत ऊन येतं का ते पाहा. समोरच्या इमारतीचे मजले मोजा, प्रत्येकी तीन मीटर धरा, निम्मं करा आणि मधलं अंतर पावलांनी मोजा. मग तळमजल्यावरच्या बाईला विचारा, नळाला पाणी किती वाजता येतं आणि पहिलं किती सोडून द्यावं लागतं.